मानाची डिगरी आणि पाटकऱ्याचं नाव

विद्यापीठानं खानदेशातल्या एखाद्या माणसाला मानद पदवी द्यावी असं कुणाच्या तरी मनात आलं, तेव्हा मी धुळ्याच्या कॉलेजात मराठी शिकवत होतो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. तोपर्यंत असल्या पदव्या कुणाला मिळतात ते आम्हाला वर्तमानपत्रातून कळे. कधी मंत्री असे, कधी न्यायाधीश, कधी गिरणीमालक. लाल झगा घातलेल्या माणसाचा फोटो येई आणि खाली परीक्षा न देता मिळालेल्या पदवीचं नाव. व्याकरणाच्या पेपरात पोरांना नापास करण्याचा पगार घेणारा मी. मला त्या फोटोंचा थोडा राग येई.

या खेपेला निवड झाली ती एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाची. ते पांझरेच्या काठी एका खेड्यात राहत. सगळा गाव त्यांना नाना म्हणे. तीस वर्षं त्यांनी खानदेशी बोलीतले शब्द जमवले होते, त्यातही जास्त करून पाटपाण्याचे. पांझरेवर जुने बंधारे आहेत आणि त्यांच्या पाण्यावर गावाची एकत्र शेती चालते. तिला फड म्हणतात. त्या फडाच्या भाषेचा नानांनी कोश केला होता. धुळ्याच्या एका छापखान्यानं त्याचे दोन बारीक भाग काढले आणि त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका परदेशी अभ्यासकानं आपल्या ग्रंथाच्या तळटीपेत त्यांचा उल्लेख केला आणि आमची मोठी माणसं खडबडून जागी झाली.

प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, जाऊन त्यांची संमती आणा, माहिती आणा आणि प्रशस्तीचा मसुदाही तुम्हीच करा. वर त्यांनी गमतीनं बजावलं की गावात डॉक्टर म्हणू नका, लोक तापकरी पोरं घेऊन दारात बसतील. तसं काही झालं नाही. आमच्याकडचे लोक इतके भोळे नाहीत. जे झालं ते वेगळंच होतं आणि ते मी केलं.

मी मूळचा जळगावजवळच्या पिंप्राळ्याचा. घरी बोललो ती खानदेशीच, पण कॉलेजात लागल्यावर ती मी घडी करून ठेवून दिली होती. शुद्ध बोलायचं, कोट घालायचा, कातडी बॅग धरायची, असा माझा थाट. एस.टी.तून उतरलो आणि पारावर बसलेल्या माणसाला विचारलं, "नाना गुरुजींचं घर कोणतं?"

"काय काम शे?"

पदवी म्हणालो असतो तर बिघडत नव्हतं. पण मला भाव खायचा होता. "त्यांना डिग्री मिळाली आहे," मी म्हणालो, "तिचे कागद आणलेत."

"डिगरी? नानाले मिळनी?"

"हो. मोठी डिग्री."

तो चिलीम तशीच ठेवून उठला आणि भराभरा शेताकडे निघाला. घर कुठलं ते सांगायचंही विसरला. मला वाटलं, काय हे गावाचं प्रेम.

नाना उंच, हडकुळे, कानामागे पेन्सिल खोचलेले. माझ्याशी ते मास्तरी, पुस्तकी मराठीत बोलले. पत्र दोनदा वाचलं आणि पहिला प्रश्न केला, "भाषण करावं लागेल का?"

मी म्हणालो, नाही. उलट मानद पदवी घेणाऱ्यानं मंचावर बोलायचंच नसतं. त्याच्याविषयी दुसरा बोलतो आणि यानं ऐकायचं, असा रिवाज आहे.

"मग बरं," ते म्हणाले आणि चहा सांगितला.

चहा होईपर्यंत त्यांनी वह्या दाखवल्या. शाळेच्या जुन्या हजेरीपटांच्या कोऱ्या बाजू शिवून केलेल्या वह्या होत्या त्या. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक शब्दापाशी तारीख होती आणि तो कुठल्या बांधावर ऐकला तेही होतं. पाण्याच्या पाळीला बारी, एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला थळ, असे शब्द. काही मला लहानपणापासून ठाऊक होते आणि आपण ते विसरलो हेही तेव्हाच कळलं. शेवटच्या वहीची अर्ध्याहून जास्त पानं कोरी होती. शेवटची तारीख नऊ वर्षांपूर्वीची.

"पुढे काही लिहिलं नाही?"

"पुढे सांगणारं कुणी राहिलं नाही."

मला वाटलं, तो माणूस वारला असेल. चेहरा गंभीर करून मी काही बोलणार, तेवढ्यात नाना म्हणाले, "आहे की. चारीच्या पलीकडे राहतो. माझा थोरला भाऊ."

मग त्यांनी ते सांगितलं, फार न रंगवता. थोरल्या भावाला गावात आबा म्हणत. तो शाळेत गेला नाही. फडाचं पाणी वाटणाऱ्या माणसाला पाटकरी म्हणतात, ते काम आबांनी उभा जन्म केलं. नाना लहानपणी शिकायला धुळ्याला गेले, नोकरीत गावोगाव फिरले आणि परत आले तेव्हा निम्मी बोली विसरून आले. मग सकाळी सकाळी आबांच्या मागे पाटाच्या कडेनं चालायचं आणि आबा सहज बोलतील ते टिपायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. पुढे वाटण्या झाल्या. दोघांच्या शेतांमधून पाण्याची एक चारी जाते, तिच्या कडेचा दोन हात रुंदीचा पट्टा कुणाचा, यावरून घोडं अडलं. गोष्ट धुळ्याच्या कोर्टात गेली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं आणि वहीही बंद झाली.

कोशाच्या प्रस्तावनेत आबांचं नाव आहे का, असं मी विचारलं. नानांनी छापखान्याचे आभार मानले होते, शाळातपासनिसांचे मानले होते आणि शेवटी "गावकरी मंडळी" यांचे.

"तेव्हा घरचंच माणूस म्हणून वाटलं, त्याचे कसले आभार," नाना म्हणाले. "नंतर दावा लागला."

बाहेर गलका ऐकू आला. कुणी तरी ओरडत आलं, "नाना, चाला, आबा दखा काय करी राहिना!" आम्ही चहा तसाच टाकून निघालो.

चारीवर दहा-पंधरा माणसं गोळा झाली होती. मधोमध कमरेला धोतर खोचलेला, पांढऱ्या मिशांचा, ठेंगणा म्हातारा. त्या दोन हात पट्ट्यात त्यानं मिरची लावलेली होती. ती सगळी त्यानं मुळासकट उपटून एका बाजूला ढीग केला होता. हद्दीचे दगडही कुदळीनं उखडले होते. मला पाहून तो ताठ उभा राहिला.

"बेलीफसाहेब, तुम्ही हात लावू नका. मनी मिरची मीच उपटी टाकी. ल्या आते मापी."

मला क्षणभर काही उमजेना. मग उमजलं. आमच्याकडे खेड्यात डिगरी म्हणजे कोर्टाची डिक्री. हुकूमनामा. नानाला डिगरी मिळाली याचा अर्थ एकच, दाव्याचा निकाल नानाच्या बाजूनं लागला. कोट घातलेला, बॅगवाला मी म्हणजे कब्जा द्यायला आलेला बेलीफ. आणि सरकारी माणसानं आपलं पीक उपटावं हे बघण्यापेक्षा आबांनी ते स्वतःच्या हातानं उपटलं होतं.

नाना या वेळी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पट्टा आयता हाती आला होता आणि लोकांसमोर आला होता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. माझी तेव्हाची समजूत अशी की माणूस अशा वेळी आधी हिशेब करतो. नानांनी तो केला नाही. ते चारीच्या काठापर्यंत गेले आणि नऊ वर्षांनी भावाशी बोलले.

"भाऊ, ती डिगरी कोर्टनी नही शे."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाले, "त्याले इचारा, मंग कोनी शे?"

मी म्हणालो, "आबा, ही विद्यापीठाची आहे. म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या वरचं जे असतं ना, त्याची. मानाची पदवी. नानांचा सन्मान आहे."

"कसाकरता?"

मी नानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "शब्दसकरता."

"कोना शब्द?" आबांनी विचारलं. या वेळी सरळ भावाला.

नाना खाली बघत उभे होते, वर्गात उत्तर न आलेल्या पोरासारखे. मग म्हणाले, "तुना."

"मंग मनं नाव ल्या म्हना त्यासले," आबा म्हणाले. "बठ्ठासमोर." सगळ्यांसमोर.

"लेतीन," नाना म्हणाले. घेतील. आणि मी, ज्याला त्या क्षणी कुणी काही विचारलं नव्हतं, पुढे होऊन म्हणालो, "मी जबाबदारी घेतो."

मिरचीचा ढीग तिथेच राहिला. दोघांपैकी कुणी दगड परत लावले नाहीत.

प्रशस्ती इंग्रजीत लिहायची होती. मी ती रात्रंदिवस खपून लिहिली म्हटलं तर खोटं होईल, पण तीन वेळा लिहिली. शेवटच्या वाक्यात आबांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट घातलं. हे शब्द ज्याच्या तोंडचे, त्या फडाच्या पाटकऱ्याचाही हा गौरव आहे, असं ते वाक्य. मला ते आवडलं होतं. आजही लिहायला सांगितलं तर तसंच लिहीन.

तीन आठवड्यांनी मसुदा विद्यापीठातून परत आला. बाकी कुठे बोट ठेवलेलं नव्हतं. फक्त ते वाक्य लाल पेन्सिलीनं खोडलेलं आणि समासात बारीक अक्षरात शेरा, की पदवी घेणाऱ्याखेरीज अन्य हयात व्यक्तीचा नामोल्लेख करण्याचा प्रघात नाही. खाली सही होती, तीही नीट वाचता येत नव्हती. प्रशस्तीत नाव एकाचंच. हा नियम कुठल्या पुस्तकात लिहिलेला नव्हता, फक्त पाळला जात होता. माझा मसुदा काही अपवाद करावा इतक्या तोलामोलाचा नव्हता.

मी भांडायला हवं होतं. निदान नानांना कळवायला हवं होतं, म्हणजे ते भांडले असते किंवा पदवी नाकारून मोकळे झाले असते. मी यातलं काहीच केलं नाही. त्याच महिन्यात मी विद्यापीठाच्या कचेरीत एका जागेसाठी अर्ज टाकला होता. लाल पेन्सिलवाल्याशी पहिलीच ओळख भांडणानं करून घ्यायची माझी तयारी नव्हती. "सूचना मान्य" असं लिहून मी मसुदा परत पाठवला आणि मूग गिळून बसलो.

समारंभाला आम्ही तिघं एकत्र गेलो. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून मोठी गाडी. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा जिल्ह्याची वेस ओलांडली होती. कोरं धोतर, कोरी टोपी आणि फडक्यात भाकरी नि शेंगदाण्याची चटणी. गाडीच्या खिडकीतून दिसणारं प्रत्येक शेत ते तपासत होते. इथलं पाणी उताराला लावलंय, इथे बांध कच्चा आहे. एका ठिकाणी पाट फुटलेला दिसला तसे त्यांनी एक शब्द उच्चारला. नानांनी कानामागची पेन्सिल काढली. "काय म्हना?" आबांनी पुन्हा सांगितला. नानांनी खिशातून शेवटची वही काढली आणि तो टिपला, तारीख घालून. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. इतक्या आनंदात असलेल्या दोन म्हाताऱ्यांशेजारी बसून आपल्याजवळची बातमी गिळून ठेवणं अवघड जातं. पण ते मला जमलं.

समारंभाच्या आधी नानांची तालीम झाली. झगा भाड्याचा होता, त्याची यादी घेऊन एक शिपाई फिरत होता. दोन्ही हातांनी गुंडाळी घ्यायची, मान थोडी लववायची, बोलायचं नाही. परीक्षा देऊन पदवी घेणारे उभे राहतात, मानाची घेणाऱ्याला मात्र बसायला मिळतं, हेही मला त्या दिवशी कळलं. धोतरावर लाल झगा चढवलेले नाना फार काही वाईट दिसत नव्हते.

आबा सभागृहात माझ्या शेजारी बसले, उजवा हात कानामागे धरून. प्रशस्ती वाचणारे गृहस्थ चांगले वाचत होते. आबांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण लक्ष असं की पाण्याची बारी चुकेल म्हणून जागणाऱ्याचं असावं. मध्येच गावाचं नाव आलं, वाकडंतिकडं, इंग्रजी वळणाचं. आबांनी माझा गुडघा दाबला. "गावनं नाव उनं." मी मान डोलावली. मग नानांचं नाव आलं, एकदा, दोनदा, तीनदा. मग टाळ्या. आबांनी उशिरा वाजवायला सुरुवात केली आणि सगळ्यांचं थांबल्यावरही वाजवत राहिले.

"आते मनं येई ना?" त्यांनी विचारलं.

"येऊन गेलं, आबा."

"माले आयकू उनं नही."

"इंग्रजीत नाव निराळं ऐकू येतं," मी म्हणालो.

ते हसले. तोंडातले उरलेले चार दात दाखवून हसले आणि पुढच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाच्या खांद्याला हात लावून म्हणाले, "मनं नाव लिधं त्यासनी." त्या माणसानं वळून नमस्कार केला. मला स्वतःची लाज वाटली. पण ही चूक सुधारण्याची वेळ निघून गेली, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

बाहेर पायऱ्यांवर गर्दी होती. झगेवाले प्राध्यापक, फोटोवाले, पेढे वाटणारे आईबाप. शिपायानं नानांच्या अंगावरचा झगा उतरवून घेऊन यादीत खूण केली. हातात गुंडाळी घेऊन नाना आमच्याकडे आले. आबा पुढे झाले.

"नाना, मनं नाव लिधं! मास्तरनी सांगं."

नानांना इंग्रजी येत होतं. त्यांनी मंचावर बसून प्रशस्तीचा शब्द न् शब्द ऐकला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही माझं खोटं चालवून घेता आलं असतं. भाऊ खूश होता, तासाभरात गाडी होती, गावात जाऊन दोघांनी तेच सांगितलं असतं आणि ते खरं झालं असतं. माझी तर मनातून तीच प्रार्थना चालली होती.

"नही लिधं, भाऊ," नाना म्हणाले.

आबांच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. ते एकदा माझ्याकडे आणि एकदा सभागृहाच्या दाराकडे बघत राहिले.

मग नाना दोन पायऱ्या वर चढले. आवाज त्यांनी शाळेच्या मैदानावर लावावा तसा लावला. "आयका!" असं ओरडले. पायऱ्यांवरचे झगे वळले. खानदेशी बोलीत, त्या सगळ्या शहरी माणसांसमोर, ते म्हणाले की ह्या कागदात ज्या शब्दांसाठी मान दिलाय ते माझे नाहीत, माझ्या भावाचे आहेत, आणि मग त्यांनी आबांचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, गावासकट, मोठ्यानं. एकदा घेऊन थांबले नाहीत. दुसऱ्यांदा घेतलं. कुणी तरी हसलं. एका बाईनं मुलीला जवळ ओढलं. बऱ्याच जणांना काही कळलंच नाही.

आबा घाईघाईनं वर गेले आणि त्यांनी भावाची बाही धरली. "हळू बोल," ते म्हणाले, "लोक दखी राहिनात." पण बाही सोडली नाही, तशीच धरून खाली उतरले.

परतीच्या गाडीत आबांनी फडकं सोडलं, भाकरीचे तीन वाटे केले आणि माझा वाटा माझ्या हातात दिला. रागाची खूण कुठे नव्हती. राग असता तर मला सोपं गेलं असतं. भाकरी खाता खाता त्यांनी विचारलं, एखाद्या आजाऱ्याला विचारावं तशा आवाजात, "मास्तर, तुम्हले काय भ्या व्हतं?"

मला भीती होती ती ज्याची सहीदेखील वाचता येत नव्हती अशा एका माणसाची, हे त्या पाटकऱ्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

विद्यापीठातली ती जागा मला मिळाली. पुढे प्रशस्त्यांचं काम माझ्याचकडे आलं आणि निवृत्त होईपर्यंत राहिलं. येणाऱ्या मसुद्यांमध्ये अधूनमधून एखादं जास्तीचं नाव सापडे. कुणाच्या बायकोचं, कुणाच्या हस्तलिखितं उतरवून देणाऱ्या कारकुनाचं, एकदा तर एका शिल्पकाराच्या पाथरवटाचं. ती सगळी नावं मी खोडली. कुणी विचारायला आलं, तर प्रघात नाही म्हणून सांगितलं.